उंबऱ्याबाहेरचं पान

मोखाडा
रविवार, १३ जुलै २००३

चि. तुळशीदास यास कमूताईचा आशीर्वाद. इकडे आम्ही बरे आहोत. तुम्ही बरेच असणार.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं, अकरा वर्षांनी. पोस्टमन अंगणवाडीत आला तेव्हा मी वजनकाट्याला पोर टांगलं होतं. तो दारातूनच म्हणाला, "बाई, कल्याणचा हाय. जाड हाय." मला वाटलं, कुणी गेलं की काय. फोडलं तर वर छापलेलं, 'तुळशीदास लक्ष्मण घाटाळ, एम.ए., बी.एड., मुख्याध्यापक'. बाबाचं नाव लक्ष्या होतं रे. लक्ष्मण कधी झाला? मेल्यावर?

निशाला मेडिकलला जागा मिळाली, वाचून आनंद झाला. असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर पोटात आग पडली. मी सातवीला केंद्रात पहिली आले होते, तुला आठवत नसेल. तू तेव्हा आश्रमशाळेत चौथीत होतास आणि सुट्टीत आलास की बाबा तुला पाटावर बसवायचा. मी पहिली आले त्या दिवशी नागली निंदायला गेले. तुझी पोरगी आता पांढरा कोट घालणार. माझ्या नशिबी वजनकाटा तेवढा आला.

आता तुझ्या कामाचं. तू लिहिलंयस की जागा पक्की व्हायला जमातीचा दाखला पडताळावा लागतो, समितीने घराण्याची माहिती मागितली आहे, तर आजा जिवाबद्दल मला आठवतं ते सविस्तर कळवावं. सोबत तुझ्या प्रतिज्ञापत्राची झेरॉक्स पाठवलीस. ती मी दोनदा वाचली. 'शिवाजी महाराजांचा मुक्काम शिरपामाळावर पडला तेव्हापासून घाट राखण्याचे काम आमच्या घराण्याकडे होते. आजोबा जिवा घाटाळ यांनीही जव्हार संस्थानात तेच काम केले. त्यावरून घाटाळ हे आडनाव पडले.' वा रे मास्तर. दरवर्षी पोरांची सहल शिरपामाळावर नेलीस, तर येताना पूर्वजही घेऊन आलास. आजाच्या हातात काठी होती हे खरं आहे, पण ती गुरांमागची.

मला काही आठवत नाही. मी जन्मले तेव्हा आजा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तुझ्या बायकोला, रोहिणीला, आशीर्वाद सांग.

तुझी ताई, कमू

मोखाडा
रविवार, २७ जुलै २००३

चि. तुळशीदास यास आशीर्वाद.

या वेळी स्पीडपोस्ट! आईच्या आजारपणात तुला साधं कार्ड टाकायला जमलं नव्हतं.

चौकशीचे साहेब तुझ्या घरी येऊन गेले आणि त्यांनी घरच्या चालीरीती विचारल्या, हे वाचून मला फार हसू आलं. पितरांना काय वाढता म्हणून विचारलं, तर तू म्हणालास खीर-पुरी. घरचा देव कोणता, तर तू सत्यनारायणाची पूजा सांगितलीस. कणसरी आठवली नाही तुला? जिच्या नावानं दाभोशाच्या आपल्या घरात नवं धान आल्याशिवाय कुणी तोंडात घास घालत नव्हतं? साहेबाला संशय येईल नाही तर काय.

पण पुढचं वाचलं आणि हसू गेलं. साहेबाला जन्ममृत्यूच्या जुन्या वहीत बाबाची नोंद सापडली म्हणतोस. 'लक्ष्या, बाप जिवा भोये.' आणि तुझ्या शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव 'लक्ष्या जिवा घाटाळ'. बाप भोये तर मुलगा घाटाळ कसा? तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या वंशावळीत शिरलात, असं साहेब म्हणाले. आता ते दाभोशाला येऊन नातेवाइकांचे जबाब घेणार आणि तीस सप्टेंबरच्या आत दाखला मिळाला नाही तर निशाची जागा जाणार. म्हणून तू मला लिहितोस की मी साहेबांना ठामपणे सांगावं, जिवा हा घाटाळच, घाट राखणारा, वहीतली नोंद चुकीची.

म्हणजे मी खोटं बोलायचं, आणि तेही ठामपणे.

दाभोशाला पितरी अमावस्येला दोन पानं वाढायचे ते आठवतं का तुला? एक घरात कणग्याशेजारी आणि एक उंबऱ्याच्या बाहेर, पेठच्या दिशेला तोंड करून. तू एकदा बाहेरच्या पानावरचा वडा उचललास आणि गोदा आत्याने तुझ्या पाठीत धपाटा घातला. ते पान कुणाचं, हे तू कधी विचारलंस का? मी विचारलं होतं. पोरींना लावणीच्या चिखलात सगळं कळतं, पाटावर बसून कळत नाही.

मी काय सांगेन ते अजून ठरवलेलं नाही. ब्याण्णव साली बाबाच्या दिवसांना तू मला जव्हारला तहसीलमध्ये नेलंस, कागद पुढे केलास आणि म्हणालास, "ताई, इथे सही कर, नुसती नोंद आहे." नुसती नोंद! हक्कसोड होतं ते. मला वाचता येतं, तुळशीदास. मी वाचूनच सही केली. मागाहून तू घराला कुलूप घातलंस, किल्ली चिमीकडे ठेवलीस आणि कल्याणला गेलास. चिमीकडे! शेजारणीकडे! माझ्याकडे नाही.

निशाचा फोटो पाठवलास. नाक बाबाचं आहे. फोटो भिंतीवर लावला नाही, डब्यात ठेवला आहे.

कमू

मोखाडा
रविवार, १० ऑगस्ट २००३

चि. तुळशीदास,

निशा येऊन गेली. तू पाठवलीस की ती आपली आली, मला माहीत नाही. ती म्हणाली आपली आली. बुधवारी दुपारच्या एसटीने उतरली, पाठीवर पिशवी, पायांत चिखल, आणि विचारत विचारत अंगणवाडीत पोचली. "आत्या, मी निशा." मी म्हटलं, "दिसतंय."

मला ती आवडायला नको होती. मी तिला मुद्दाम काम लावलं. पोरांची वजनं लिहून घे म्हटलं. तिने न कुरकुरता लिहिली आणि एका पोराचे डोळे खाली ओढून बघत म्हणाली, याला रक्त कमी आहे. मी ते महिनाभर आधीच वहीत लिहिलं होतं, पण मी लिहिलेलं वाचतंय कोण. ती डॉक्टर झाली की तिचं वाचतील. तेव्हाही मला हेवा वाटला. तुला वाटेल, ताईला दुसरं काही वाटतच नाही. या दिवसांत खरंच दुसरं काही वाटत नाही.

रात्री जेवताना तिने विचारलं, "आत्या, पप्पा सांगतात ते खरं आहे?" मी म्हटलं, नाही. आणि गोदा आत्याने मला सांगितलं होतं ते सगळं तिला सांगितलं. तूही वाच. तुला माहीतच आहे, तरी वाच.

घाटाळ हे नाव जिवाचं नव्हतंच, ते हिरीचं होतं. हिरी म्हणजे आपली आजी, बाबाची आई. तिच्या बापाला मुलगा नव्हता. एका उपाशी वर्षी पेठच्या बाजूने आपल्याच जमातीचा जिवा भोये नावाचा माणूस काम मागत आला आणि त्यांच्या शेतावर राहिला. एक पीक निघाल्यावर हिरीनेच बापाला सांगितलं, "ह्याला ठेवा." जिवापाशी देज, म्हणजे मुलीच्या बापाला द्यायचं मोल, द्यायला काही नव्हतं. तो घरजावई म्हणून राहिला आणि सात वर्षं राबला. बाबा जन्मला तेव्हा सात वर्षं भरली नव्हती, म्हणून वहीत कोतवालाने बापाचं नाव जिवा भोये असंच लिहिलं. सात भरली त्या साली हिरीच्या बापाने पंचांना बोलावलं, भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाला होता, त्याने धानाची टोपली जिवाच्या हातात दिली आणि म्हणाला, पहिली मूठ तू टाक. ज्याने राबावर पहिली मूठ टाकली तो त्या घराचा झाला. त्या दिवसापासून जिवा घाटाळ.

पण त्याचे देव पेठला भावाच्या घरी राहिले. त्याच्या मेलेल्यांना हिरीच्या घरात जागा नव्हती. मग हिरीने उंबऱ्याबाहेर दुसरं पान वाढायला सुरुवात केली, नवऱ्याच्या माणसांसाठी. कुणी सांगितलं नव्हतं. तेच ते पान.

आणि घाटाळ का म्हणतात, ते हिरीच्या बापालाही माहीत नसेल. आपण घाटात राहतो, तेवढंच.

निशा ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आडनाव आजीकडून आलं? किती भारी आहे हे! पप्पांनी हे का नाही लिहिलं?" मी ताट उचललं.

तिला सांगितलं नाही ते तुला लिहिते. मला तुझा हेवा वाटतो, रोहिणीचा वाटतो, पोरीचा वाटतो, पण सगळ्यांत जास्त हिरीचा वाटतो. ती बापाला म्हणाली, ह्याला ठेवा, आणि बापाने ठेवला. मीही म्हणाले होते.

फागूला विसरलास का? दोन वर्षं आठ महिने तो आपल्या घरी राबला. तू नाशिकला डी.एड.ला होतास, तुझ्या वाटणीचा नांगर तो धरत होता. बाबा म्हणाला होता, सात वर्षं कशाला, यंदाच पहिली मूठ फागूला देऊ. राब भाजायला आठ दिवस असतील आणि तुझं अंतर्देशीय आलं. बाबाला वाचता येत नव्हतं. त्याने मला हाक मारली, "कमू, पोराचा कागद आला, वाच." मी ओटीवर उभी राहून वाचलं. फागू खाली बसून कोयत्याला धार लावत होता.

ते पत्र माझ्याकडे आहे. लुगड्याच्या घडीत सत्तावीस वर्षं ठेवलं आहे. पाठ आहे, तरी बघून उतरवते, म्हणजे ताई वाढवून सांगते असं तू म्हणणार नाहीस.

'तीर्थरूप बाबांस शि. सा. नमस्कार. फागूला घरजावई करण्याचा विचार सोडून द्यावा. आजा जिवा भोये घरजावई होऊन आला आणि घाटाळ झाला, त्यावरून अजून लोक बोलतात. येथे वसतिगृहात आपल्याकडील मुले मला हसतात. मी मास्तर होणार, घरात दुसरा घरजावई मला चालणार नाही. ताईला बाहेरचे स्थळ पहावे. आपला आज्ञाधारक, तुळशीदास.'

बघ, तुला सगळं माहीत होतं.

मी एकही शब्द गाळला नाही. गाळता आला असता. 'पोरगा बरा आहे, तुम्हाला नमस्कार लिहिलाय' म्हणून घडी घातली असती तरी बाबाला काय कळणार होतं? पण मी वीस वर्षांची होते, शिकलेली होते, आणि मला वाटायचं लिहिलेलं आहे ते वाचायचंच असतं. वाचून झालं तेव्हा फागू उठला, कोयता जागेवर अडकवला आणि गेला. बाबाने त्याला थांबवलं नाही. मी भात शिजत घातला.

तुझे भावजी वाईट नाहीत. हात उगारत नाहीत, माझा पगार मागून घेत नाहीत. एवढं लिहिलं म्हणजे पुरे.

चौकशी शुक्रवारी बावीस तारखेला आहे असं निशा म्हणाली. मी जाईन. काय सांगेन ते माहीत नाही.

कमू

मोखाडा
रविवार, २४ ऑगस्ट २००३

तुळशीदास,

झालं ते क्रमाने लिहिते.

शुक्रवारी सकाळी जीपने जव्हार, तिथून दुसऱ्या जीपने दाभोसा. जबाबाच्या वेळी हजर राहायला तुला साहेबांनी मनाई केली होती ते बरंच झालं. चिमीकडून किल्ली मागून घेतली. कुलूप गंजलं होतं, तेल घातलं तेव्हा उघडलं. आपल्याच घराचं कुलूप मी पहिल्यांदा उघडलं. आत उंदरांनी कणग्याची पार भुगा केला आहे, ते येऊन बघ.

साहेब वयस्कर होते, चष्मा लावलेले, बोलायला सभ्य. ओटीवर चटई टाकली. त्यांनी तुझं प्रतिज्ञापत्र काढलं आणि विचारलं, "बाई, हे घाट राखणारे जिवा घाटाळ तुमचे कोण?"

पिशवीत लुगडं, लुगड्यात पत्र. खरं लिहिते, त्या वेळी मला वाटलं, म्हणावं 'असा घाट राखणारा मला माहीत नाही साहेब, भाऊ शिकलेला आहे, त्यालाच विचारा'. एवढंच म्हटलं असतं तर तुझं सगळं बुडालं असतं, आणि मी खोटंही बोलले नसते. मला ते गोडही लागलं. तुझ्या पोरीची जागा गेली की आपण सारखे होऊ असं वाटलं. तुला वाईट वाटेल. वाटू दे.

मग साहेबांनी वंशावळीचा कागद माझ्यापुढे धरला. तू काढलेली वंशावळ. जिवा, खाली लक्ष्या, खाली तुळशीदास, खाली निशा. मी नव्हते, ते मला अपेक्षितच होतं. पण हिरीही नव्हती! नाव जिचं, घर जिचं, राब जिचा, तिला तू कागदावर जागा दिली नाहीस आणि तिच्या जागी काठी घेतलेला पहारेकरी उभा केलास. माझं डोकं फिरलं. म्हणून बोलले, निशासाठी बोलले असं समजू नकोस.

मी म्हटलं, "साहेब, हे सगळं खोटं आहे. वहीतली नोंद खरी आहे." आणि जे निशाला सांगितलं ते त्यांना सांगितलं. तेवढ्यात चिमी दारातून म्हणाली, "खरा सांगं ती. बाहेरचा पान मी वाढताना देखला हाय. म्हातारी हिरीडोसी सोता वाढं. म्या लहान व्हते."

साहेबांनी लिहून घेतलं. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बाई, मला पटतंय. पण केस लागली की सगळ्यांनाच सगळं आठवतं. समिती विचारणार, जुनं लिहिलेलं काय आहे? केस लागायच्या आधीचं?"

मी लुगडं उलगडलं.

त्यांनी आधी शिक्का बघितला. नाशिकचा, मे एकोणीसशे शहात्तर. मग आतलं वाचलं. एकदा मनात वाचलं आणि मग जबाबात उतरवण्यासाठी मोठ्याने वाचू लागले. 'घरात दुसरा घरजावई मला चालणार नाही' इथे ते थांबले. म्हणाले, "दुसरा म्हणजे?"

मी म्हटलं, "येणार होता, साहेब. ह्या पत्राने गेला."

त्यांनी पत्र शेवटपर्यंत उतरवून घेतलं. मग जबाबाखाली बोट ठेवून म्हणाले, इथे सही करा. मी 'कमू लक्ष्या घाटाळ' अशी केली. त्यांनी बघितलं, आणि शेजारी कंसात 'लग्नानंतर महाले' असं स्वतःच्या हाताने लिहिलं. पत्र त्यांनी ठेवून घेतलं. अस्सल लागतं म्हणाले. जव्हारला झेरॉक्स काढून मला दिली.

येताना पिशवी हलकी लागत होती. सारखी चाचपून बघत होते.

कमू

मोखाडा
रविवार, १४ सप्टेंबर २००३

चि. तुळशीदास यास आशीर्वाद.

निशाचा फोन पंचायतीत आला. दाखला मिळाला, समितीने पत्राची तारीख आणि बाहेरचं पान दोन्ही पुरावा म्हणून धरलं, हे तिने सांगितलं. रडत होती. म्हणाली, लग्न झालं तरी मी घाटाळच राहणार. मी म्हटलं, राहा बाई, हिरी राहिली होती. फोन ठेवल्यावर मात्र पुन्हा पोटात जळलं. हिला कुणी पत्र लिहून अडवणार नाही. जळलं ते जळलं, पण तिचा फोटो आता भिंतीवर लावला आहे.

तुझं पत्र काल मिळालं. छापलेला कागद नाही, वहीचा फाडलेला. 'ताई, काय लिहू कळत नाही,' एवढंच. मास्तर असून. त्यात तू विचारलंयस, तुला काय देऊ, जमिनीचा कागद परत करू का. तो कर, नाही म्हणणार नाही, एवढी काही मी साधी नाही. पण मला हवंय ते दुसरंच आहे.

येत्या पंचवीस तारखेला, गुरुवारी, पितरी अमावस्या आहे. रोहिणीला आणि निशाला घेऊन दाभोशाला ये. किल्ली माझ्याकडे आहे, मी आधी जाऊन सारवून ठेवते. वडे मी करीन. या वर्षी पानं दोन्ही घरात वाढायची, मी ठरवलं आहे. जिवाची माणसं फार वर्षं बाहेर बसली.

आणि फागूला मी निरोप धाडला आहे. तो वाडा तालुक्यात वीटभट्टीवर होता, आता परत आलाय, वरच्या पाड्यात राहतो. म्हातारा झालाय म्हणतात. येईल की नाही, सांगता येत नाही. आला तर ओटीखाली बसेल, पूर्वी बसायचा तिथेच.

जेवणं झाली की मी तुला ती झेरॉक्स देईन. ओटीवर उभा राहा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं पहिल्या ओळीपासून वाच. एकही शब्द गाळू नकोस. तेव्हा तू लिहिलंस आणि मी वाचलं. या वेळी तू वाच, मी खाली बसून ऐकेन.

तुझी ताई,
कमू लक्ष्या घाटाळ